लांबून पाहायचं चित्र

बुलढाण्याच्या आमच्या घरी पाहुण्याला पहिला चहा बसून पिता येत नसे. सासरे त्याला कपबशी हातात देत, दंडाला धरून बैठकीच्या दाराशी नेत आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभं करत. समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. ते तिथूनच पाहायचं, असा त्यांचा कायदा होता. कोर्टात नाझर म्हणून जन्म घालवलेला माणूस, कायद्याशिवाय त्यांना चहाही गोड लागत नसे.

"अंहं, जवळून नाही पाहाचं," ते पाहुण्याला सांगत. "जवळून नुसते ठिपके दिसतात. इथं उभे राहा. आता डोळे जरासे मिटा. दिसली का पूर्णा नदी?"

पाहुणा बिचारा एका हातात बशी, दुसऱ्या हातात कप, डोळे किलकिले करून बघे. आणि खरंच त्याला दिसू लागे. "हाव नं! बाया धुणं वाळू घालून राह्यल्या!"

"आमच्या सूनबाईच्या हातचं आहे," सासरे म्हणत, आणि मी आतल्या दाराआड स्टोला पिन करत असायची ती तशीच थांबायची. कान तापायचे. वाटायचं, बाहेर जावं आणि ओरडून सांगावं. पण सांगून झालेलं होतं. मी किती वेळा सांगितलं होतं, हेच तर या सगळ्या गोष्टीतलं दुखणं आहे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं माहेर खामगावचं. वडील एका कापसाच्या जिनमध्ये कारकून. जिनची यंत्रं विलायतेहून आलेली, त्यामुळे मालकाकडे यंत्रवाल्या कंपनीचं कॅलेंडर दरवर्षी येई आणि वर्ष सरलं की ते आमच्या घरी. एका वर्षी त्यावर हे चित्र होतं. नदीचा काठ, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, दोन बाया, आणि पाण्यावर पडलेलं ऊन. रेषा म्हणून एकही नाही, सगळे रंगाचे फटकारे. वडिलांना ते फार आवडलं. तारखांचा भाग आणि खालचं छापील नाव त्यांनी कात्रीनं कापून टाकलं, काच बसवून फ्रेम केली, आणि जो खिळा रिकामा होता त्यावर ते लटकवून दिलं.

तो खिळा कुठल्या भिंतीवर होता, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडे तेव्हा लग्नाच्या मुलीच्या हातचं काम बैठकीच्या एका भिंतीवर मांडून ठेवत. मण्यांचे हंस, क्रॉस स्टिचचं 'सुस्वागतम्', लोकरीचा गुलाब, सगळं काचेत. पाहायला आलेले लोक आधी ती भिंत वाचत आणि मग मुलीकडे वळत. त्या भिंतीवर मण्यांचा एक पोपट होता, तो करताना माझे डोळे सुजले होते. त्याच्या शेजारी विलायतेची नदी जाऊन बसली.

तोवर मला दोन ठिकाणांहून नकार आला होता. रंग सावळा, दात किंचित पुढे, आणि मॅट्रिक झालेली असल्यानं वर शिकल्याचा ठपका. आई दर वेळी माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा नकारापेक्षा जास्त लागायचा. त्यामुळे बुलढाण्याहून नाझरसाहेब मुलाला घेऊन येणार, मुलगा कॉलेजात इंग्रजी शिकवतो, असं कळलं तेव्हा घर दोन दिवस सारवलं जात होतं.

मी चहाचा ट्रे ठेवला आणि सतरंजीच्या टोकाला बसले. नाझरसाहेबांनी भिंत वाचायला सुरुवात केली. हंस ओलांडला, पोपट ओलांडला आणि नदीपाशी थांबले. उठून जवळ गेले, मग मागे मागे सरकत दाराशी आले.

"हे पोरीच्याच हातचं आहे का जी?"

वडील खोटं बोलू शकत नसत आणि खरं बोलायला त्यांना वेळ लागे. तेवढ्यात माझी मावशी, जी असल्या प्रसंगी हटकून हजर असते, म्हणाली, "हाव जी, सारं तिच्याच हातचं हाये."

माझी मान खाली होती, पण मी बोलले. "ते मी नाही काढलं जी."

आवाज लहान निघाला, हे खरं. पण शब्द स्वच्छ होते. मावशीनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळं-निळं पडलं. आणि नाझरसाहेब मोठ्यानं हसले.

"पाह्यलं?" ते मुलाला म्हणाले. "आजकालच्या पोरी रुमालाले दोन टाके घालतात अन् गावभर दाखवत फिरतात. अन् हे पोरगी एवढं काढून नाही म्हणते!"

मी पुन्हा म्हणाले, "खरंच नाही काढलं." ते आणखी हसले. मुलीनं आपल्या कामाला नाही म्हणायचं, ही रीतच होती. स्वयंपाक कुणी केला विचारलं तर आईनं केला म्हणायचं, गाता येतं का विचारलं तर येत नाही म्हणून मग गायचं. माझं खरं त्या रीतीत अलगद जाऊन बसलं. मुलगा खिडकीशी बसला होता. त्यानं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीकसं हसू आलं. मला वाटलं, हाही फसला.

जाताना नाझरसाहेब वडिलांचे हात हातात घेऊन म्हणाले, "देण्याघेण्याचं काही मनात आणू नका. ते चित्र तेवढं पोरीसंगं पाठवजा."

वडील त्या रात्री जेवले नाहीत. "लग्न होऊ दे, मग मी स्वतः सांगीन," म्हणाले. पण लग्नानंतर व्याह्याच्या घरी जाऊन असं सांगणं त्यांना कधी जमलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. दोन नकारांनंतर असला सोन्यासारखा माणूस दारात आला होता.

सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या भाकरी थापत होत्या. "असं नाही म्हणू, माय," त्या म्हणाल्या. "नजर लागते म्हणून लपवतं का? आपल्या घरात कोन लावते नजर?" आणि माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा त्यांची खात्रीच झाली.

मग सासऱ्यांना सांगितलं. मामंजी, ते कॅलेंडरातलं आहे. ते मान हलवत राहिले. "कलावंत असाच बोलते," म्हणाले. "आमच्या कोर्टात एक शिरस्तेदार पेटी वाजवे. विचारलं तर म्हणे, मले काय येते?" नाझर माणूस, पुराव्यानिशी चालणारा, पण माझ्या बाबतीत त्यांनी माझीच साक्ष फेटाळून लावली.

राहिला नवरा. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणत होते. लिहिताना 'तो' म्हणते, एवढी सूट आता असू द्यावी. तो त्या चित्राबद्दल कधी एक अक्षर बोलत नसे. सासरे पाहुण्याला दाराशी उभं करू लागले की हा पेपर तोंडासमोर धरून बसे. सगळ्या घरात माझं म्हणणं खरं मानेल असा हा एकच माणूस होता, आणि म्हणूनच त्याला सांगायची माझी हिंमत होत नव्हती. सासरे हसले, सासूबाईंनी मोहऱ्या टाकल्या. त्यानं विश्वास ठेवला असता. मग माझ्याकडे काय राहिलं असतं? सावळा रंग, पुढचे दात आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट.

त्याचा एकच षौक होता, इंग्रजी सिनेमा. तोही कुठलाही नाही. नागपूरला शिकताना लागलेलं वेड. खुनाचे, फसवणुकीचे, काळ्या-पांढऱ्या रंगातले, पाच-पन्नास ठिकाणी फिरून जुने झालेले सिनेमे. खामगावच्या टॉकीजला रविवारी सकाळी असला एखादा लागे. मग शनिवारी आम्ही बोथ्याच्या घाटातून एस.टी.नं माहेरी जायचो आणि सकाळी तो मला घेऊन टॉकीजला. बाल्कनीत बाईमाणूस मी एकटी. खाली कॉलेजची पोरं, चुंबन आलं की शिट्ट्या मारायला बसलेली. ते सिनेमे त्यांना फार निराश करत असावेत, कारण त्यात चुंबनानंतर लगेच कुणीतरी मरे.

मला संवाद कळत नसत. तो कानाशी हळूहळू सांगे. पण खरं सांगायचं तर सांगावं लागत नसे. खिडकीच्या पट्ट्यांची सावली माणसाच्या तोंडावर आडवी पडायची, ओल्या रस्त्यावर दिवा चमकायचा, हॅटवाला भला माणूस जिना चढून जायचा, आणि वर ती बाई उभी असायची. अर्धं तोंड उजेडात, अर्धं अंधारात. ती काहीतरी लपवतेय हे आम्हा सगळ्यांना कळायचं, फक्त त्या माणसाला कळायचं नाही. मी पदराचं टोक चावत बसायची. मला ते सिनेमे आवडायचे आणि मला ते बघवायचे नाहीत. घरी भिंतीवर माझी नदी होती आणि शेजारी माझा हॅटवाला बसला होता.

सिनेमा सुटला की स्टँडजवळच्या हॉटेलात चहा. तिथं पडदा लावलेली फॅमिली रूम होती, एवढुशी, तिच्यात आमच्याशिवाय कधी कोणी नसे. तो दोन चहा सांगे आणि मग पाऊण तास त्या बाईबद्दल बोले. "याले काळा सिनेमा म्हणतात, फ्रेंच लोकांनी ठेवलं नाव," असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, "मग पांढरा काय फुकट गेला?" तेव्हा इतका हसला की चहा बशीत सांडला. हसताना मला तो फार आवडायचा. म्हणून तर भीती.

अशीच दोन वर्षं गेली. मग सासऱ्यांनी कहर केला. गावातल्या वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता, आणि त्यांनी कमिटीत शब्द देऊन टाकला: आमची सून वाचनालयाला नवीन चित्र काढून देणार. अकोल्याहून रंग मागवले, ब्रश मागवले. माझ्यासमोर पेटी ठेवून म्हणाले, "सूनबाई, या टायमाले पैनगंगा काढजो."

दुपारी दार लावून मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. निळा घेतला, हिरवा घेतला, पांढरा घेतला, आणि एक चिखल तयार झाला. सासऱ्यांनी तो नेमका पाहिला. दाराशी गेले, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "लांबून..." म्हणाले आणि थांबले. त्यांना माझ्यासाठी इतकं कष्टानं काहीतरी दिसवून घेताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समारंभ तोंडावर आला होता. आता सगळ्या गावासमोर त्यांचं हसं होणार होतं, आणि ते माझ्यामुळे.

त्या रविवारी आम्ही खामगावला होतो. त्या दिवशीच्या सिनेमात ती बाई त्या माणसाला चक्क सांगते, माझ्या नादी लागू नकोस, मी चांगली नाही. आणि तो हसून तिचा हात धरतो. फॅमिली रूममध्ये चहा आला. मी माझा कप खाली ठेवला.

"अहो, ते चित्र माझं नाही."

त्यानं फुंकर मारून एक घोट घेतला. "मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"पाहाले आलो होतो तेव्हापासून. कोपऱ्यात त्या चित्रकाराची सही आहे. बाबा तिले गवत समजतात." मग त्यानं सांगितलं, की नागपूरच्या कॉलेजात असल्या चित्रांचं एक जाड पुस्तक होतं, याला इंप्रेशनिस्ट म्हणतात, उन्हाची चित्रं काढणारे लोक. हे सगळं इतक्या शांतपणे, जणू पोरांना धडा शिकवतोय.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत? माझ्याशी लग्न काऊन केलं?"

"त्याच्यासाठीच तर केलं!" तो पुढं वाकला. त्याचा चेहरा सिनेमातून बाहेर पडताना असायचा तसा उजळला होता. "तुझी मावशी खोटं बोलली, ते तर कोणीही बोलते. तू काय केलं? तू खरं बोलली. पण असं, खाली पाहून, हळूच, की कोणी मानूच नये! अन् बाबासारखा माणूस, जन्मभर साक्षीपुरावे पाह्यलेला, एका फटक्यात गार. म्हटलं, काय डोकं आहे पोरीचं! असली बाई मी फक्त पडद्यावर पाह्यली होती."

दोन वर्षं मी ज्याला फसलेला समजत होते तो माणूस माझ्यावर फिदा होऊन बसला होता, आणि तोही माझ्या लबाडीवर. जी माझ्यात औषधालाही नव्हती.

"नाही हो," मी म्हणाले. "मी तसं काही केलं नाही. मी नुसतं खरं सांगत होते. आवाजच फुटला नाही माझा."

तो खुर्चीत मागे रेलून हसला. "हे पाहा! पुन्हा तेच! आता माझ्यावर चालवून राह्यली का?"

आणि इथं मला जे लिहायचं आहे ते लिहायला मी इतकी पानं घेतली. मला बरं वाटलं. अपमान वाटायला हवा होता. ज्या एका माणसाकडून विश्वासाची आशा होती त्यानंच मला अट्टल लबाड समजावं, याचं रडू यायला हवं होतं. पण त्या कळकट पडद्याआड कुणीतरी प्रथमच माझ्याकडे असं पाहत होतं, की मी एक बघण्यासारखी बाई आहे. मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं नाही. पदर सावरला, कप उचलला, आणि कपावरून त्याच्याकडे बघून जरासं हसले. कसं हसायचं ते मी बाल्कनीत बसून चांगलं शिकले होते.

घरी आल्यावर त्यानंच सासऱ्यांना सांगितलं, की तिचा हात आता चालत नाही, लग्नानंतर कला सुटली तिची. सासरे वाचनालयात जाऊन शब्द परत घेऊन आले आणि वर चारचौघांत सांगून आले, की आमच्याच घरानं एक कलावंत संपवला. सासूबाईंनी त्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. गुडघे दुखत असताना त्या चुलीपुढे बसायच्या आणि म्हणायच्या, "तू बस माय, काही काढावं वाटलं तर काढ." मी ओसरीत बसायची. हातात काही नाही, समोर काही नाही. त्या भाकरीचा घास मला कधी सरळ गिळता आला नाही. रात्री नवरा मला हळूच विचारी, "कसं जमवलं?" आणि मी पुन्हा तसंच हसे.

सासरे गेले, सासूबाई गेल्या. दोघंही मला कलावंत समजूनच गेले. नवरा त्यानंतर पुष्कळ वर्षं होता. खामगावच्या त्या टॉकीजमधले सकाळचे खेळ कधीच बंद पडले, पण घरी चहा पिताना तो लोकांना सांगत असे, "आमच्या बाईले साधी समजू नका." भाजीवाल्यानं वजनात चूक केली आणि मी ती दाखवली तरी तो माझ्याकडे कौतुकानं पाही. मी दुसरं काहीही करायला गेले असते तर तो हिरमुसला असता. म्हणून मी जन्मभर थोडं कमी बोलले, अर्धं वाक्य सोडून दिलं, खिडकीशी उभी राहिले. शेवटच्या आजारात त्यानं आमच्या मुलीचा हात धरून सांगितलं, "तुझी आई लय पोचलेली आहे. तिच्यापासून शिक." मी पायथ्याशी उभी होते. मी मान खाली घातली, आणि त्यालाही तो माझा डावच वाटला असणार.

तो गेल्यानंतर मुलगी महिनाभर माझ्याजवळ राहिली. एका दुपारी चहा घेताना तिनं विचारलं, "बाबा तुला पोचलेली का म्हणायचे गं?"

मी तिला सगळं सांगितलं. कॅलेंडर, मावशी, मीठ-मोहऱ्या, वाचनालय, फॅमिली रूम. काही वगळलं नाही. म्हटलं, मी काही डाव टाकला नव्हता बाई, मी त्या दिवशी नुसतं खरं बोलले होते, घाबरून, आवाज फुटेना म्हणून हळू.

माझं बोलणं पुरतं संपायच्या आत ती हसली. "अगं, ते तर दिसतंच आहे आई. तू कुठली तशी! तुला कुठं जमणार ते!" असं म्हणून तिनं दोन्ही कप उचलले आणि आत विसळायला नेले.

इतक्या वर्षांत माझं म्हणणं खरं मानणारी ती पहिली. तिनं क्षणाचाही विचार केला नाही. आणि आत नळाखाली कप वाजत असताना मी तिथं बसून होते, आणि मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.